जँगो राइनहार्ट: दोन बोटांचा गिटारवादक आणि डेटाबेसची राहून गेलेली मायग्रेशन्स

पायथॉन शिकताना जँगोमध्ये पहिलं प्रोजेक्ट बनवलं आणि सर्व्हर सुरू केला, की टर्मिनलवर लाल रंगात एक सूचना येते. १८ मायग्रेशन्स अजून लागू केलेली नाहीत, ती केल्याशिवाय प्रोजेक्ट नीट चालेलच असं नाही, असा तिचा अर्थ. बरेच जण ती न वाचताच ब्राउझर उघडतात. पान दिसतं, मग काय, विषय संपला.

विषय संपत नाही. पण त्या सूचनेकडे जाण्याआधी मला ज्याच्या नावावर हे फ्रेमवर्क आहे त्या माणसाबद्दल सांगायचंय. तुम्ही रोज जे इन्स्टाग्राम स्क्रोल करता, त्याची सर्व्हरकडची बाजू याच फ्रेमवर्कवर उभी राहिली. म्हणजे हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे, फक्त नाव माहीत नाही. आणि हो, उच्चार ‘जँगो’. स्पेलिंगमधला सुरुवातीचा ‘डी’ बोलायचा नाही.

जाँ राइनहार्ट, टोपणनाव जँगो. जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावात. कुटुंब रोमानी समाजातलं, घोड्यांच्या गाड्यांत राहून फिरणारं. लहानपण गेलं पॅरिसच्या वेशीबाहेरच्या तळांवर. शाळा जवळपास नाहीच. बाराव्या वर्षाच्या आसपास हातात बँजो-गिटार आलं आणि इतरांचं बघून, ऐकून तो वाजवायला शिकला. पुढच्या दोन-तीन वर्षांत पॅरिसच्या डान्स हॉलमध्ये अकॉर्डियनवाल्यांना साथ करून पैसे कमवायला लागला.

१९२८ मध्ये त्याच्या पहिल्या रेकॉर्ड्स निघाल्या. त्यावर नाव चुकीच्या स्पेलिंगनं छापलं गेलं, कारण त्याला स्वतःचं नाव लिहून दाखवता येत नव्हतं. वाजवणारा खरा, पण नोंद भलतीच! हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी इंग्लंडचा बँडलीडर जॅक हिल्टन यानं त्याला आपल्या बँडमध्ये यायला सांगितलं. अठरा वर्षांच्या पोरासाठी ही लॉटरीच होती. पण त्यानंतर लगेचच एका रात्री त्याच्या गाडीला आग लागली. त्याची बायको सेल्युलॉइडची फुलं बनवून विकायची, गाडी त्या मालानं भरलेली होती आणि उजेडाला मेणबत्ती. सेल्युलॉइड किती भसकन पेटतं हे वेगळं सांगायला नको. दोघं वाचली, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात भाजला. डॉक्टर पाय कापायच्या विचारात होते, त्यानं नकार दिला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडली ती कायमची. गिटारवर सूर दाबायचा हात हाच.

भावानं, जोसेफनं, त्याला नवी गिटार आणून दिली. अंथरुणात पडल्या पडल्या जँगोनं सगळं पुन्हा बसवायला घेतलं. चार बोटांसाठी बसवलेल्या जुन्या जागा आता उपयोगाच्या नव्हत्या. तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावर सोलो, आणि आखडलेली बोटं कॉर्ड धरताना लागतील तेवढीच. बरं व्हायला सुमारे दीड वर्ष लागलं.

मला इथे आमचं रोजचं काम आठवतं. जँगोच्या डोक्यातलं संगीत तेच राहिलं, ते धरणारा सांगाडा बदलला. चालू असलेल्या ॲपच्या डेटाबेसमध्ये आपण हेच करतो. समजा ऑर्डरच्या टेबलमध्ये लाखो ओळी आहेत आणि आता त्यात डिलिव्हरीची वेळ ठेवायला नवा कॉलम हवाय. टेबल पाडून नवं बांधता येत नाही, आतला माल लोकांचा आहे. म्हणून बदल एका छोट्या पायथॉन फाइलमध्ये लिहितात: काय बदलायचं, आणि हा बदल कोणत्या आधीच्या बदलानंतर करायचा. ही फाइल म्हणजे मायग्रेशन. फाइल नुसती लिहून टेबल बदलत नाही, ती डेटाबेसवर चालवावी लागते. तुलना इथेच सोडते. जँगोनं जे केलं ते वेदना सोसून केलं, आपण खुर्चीत बसून करतो.

१९३४ मध्ये पॅरिसच्या हॉट क्लबचं पंचक तयार झालं. स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, जँगोची गिटार, जोसेफ आणि रोजे शापू यांच्या साथीच्या गिटार, आणि लुई व्होलाचा डबल बेस. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही. जॅझ म्हणजे अमेरिकेचा बाजा असं समजलं जाण्याच्या काळात फक्त तारांच्या वाद्यांवर या पाच जणांनी युरोपची स्वतःची जॅझ उभी केली. १९३७ चं ‘मायनर स्विंग’ यूट्यूबवर आहे. हेडफोन लावून ऐका, आणि ऐकताना दोन बोटं हे विसरून बघा. जमत नाही.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा पंचक इंग्लंडमध्ये होतं. ग्रापेली तिथेच थांबला, जँगो पॅरिसला परतला. पुढच्या वर्षी पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं. नाझींनी युरोपभर काही लाख रोमानी लोक मारले, आणि त्याच काळात हा रोमानी माणूस पॅरिसमध्ये गर्दी खेचत होता. १९४० चं त्याचं ‘न्वाज’, म्हणजे ढग, ताब्यात गेलेल्या फ्रान्समध्ये घराघरांत पोचलं. जर्मन अधिकाऱ्यांतही जॅझचे चाहते होते, त्यामुळे तो काही प्रमाणात वाचला. तरी १९४३ मध्ये त्यानं स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केलाच, आणि तो फसला.

या सगळ्या काळात त्याला नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं. मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचना, चर्चसाठीचा एक मास, सगळं डोक्यात. तो गिटारवर वाजवून दाखवायचा आणि जेरार लेवेक हा क्लॅरिनेटवादक कागदावर उतरवायचा. जे उतरलं किंवा रेकॉर्ड झालं ते राहिलं, बाकीचं त्याच्याबरोबर गेलं.

गंमत बघा, याच माणसाच्या नावाचं फ्रेमवर्क वहीशिवाय एक पाऊल टाकत नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये ते गुपचूप एक टेबल बनवतं, नाव जँगो-मायग्रेशन्स. त्यात प्रत्येक ओळीत ॲपचं नाव, मायग्रेशनचं नाव आणि ते कधी लागू झालं ती वेळ. राहिलेली मायग्रेशन्स शोधायची म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स आणि या वहीतल्या ओळी जुळवून बघायच्या. फाइल आहे पण ओळ नाही, म्हणजे ते राहिलंय.

हे बघायला मॅनेज-पीवायला ‘शोमायग्रेशन्स’ ही कमांड द्या. लागू झालेल्या नावापुढे चौकोनी कंसात फुली दिसते, राहिलेल्यापुढे कंस रिकामा. माणसानं बघायला हे ठीक आहे. मशीननं तपासायचं असेल तर ‘मायग्रेट’ कमांडला ‘चेक’ हा पर्याय जोडा. ती डेटाबेसला हात लावत नाही. काही राहिलं असेल तर शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड देते, आणि डिप्लॉयची स्क्रिप्ट तिथेच थांबवता येते. कोडमधूनच तपासायचं असेल तर ‘मायग्रेशन-एक्झिक्युटर’ या क्लासकडून शेवटच्या मायग्रेशनपर्यंतचा प्लॅन मागवा. प्लॅन रिकामा आला तर काही राहिलेलं नाही.

इथे एक गल्लत फार होते. ‘मेकमायग्रेशन्स’लाही ‘चेक’ आहे, पण ती वेगळी तपासणी. मॉडेलचा कोड बदलला आणि त्याची मायग्रेशन फाइलच बनवली नाही, हे ती पकडते. फाइल बनली, गिटमधून सर्व्हरवर आली, पण डेटाबेसवर चालली नाही, हे तिला दिसत नाही. दोन्ही लागतात. पहिली कोड मर्ज होण्याआधी, दुसरी नवा कोड लोकांसाठी सुरू करण्याआधी.

सुरुवातीची ती लाल सूचना सर्व्हरवर का वाचवत नाही? कारण ती आपल्या लॅपटॉपवरचा ‘रनसर्व्हर’ देतो. खऱ्या सर्व्हरवर गुनिकॉर्नसारखं काहीतरी चालू असतं, ते मायग्रेशन्सची चौकशी करत नाही. ॲप मस्त सुरू होतं, होमपेज दिसतं, आणि मग कोणीतरी फोनवर ऑर्डर द्यायला जातं. कोड नवा कॉलम मागतो, डेटाबेस म्हणतो असा कॉलमच नाही, आणि त्या माणसाच्या स्क्रीनवर पाचशेचा एरर.

आता ते रेकॉर्डवरचं चुकलेलं नाव आठवा. वहीही खोटी असू शकते. ‘मायग्रेट’ला ‘फेक’ असा पर्याय आहे: काम न करता नोंद तेवढी करायची. जुना डेटाबेस जोडून घेताना त्याचा खरंच उपयोग होतो, पण अडलेलं काम दामटायला वापरला तर वही म्हणते झालं आणि टेबलमध्ये कॉलम नसतो. ‘चेक’ अशा वेळी निवांत पास होतो, कारण तो वही बघतो, टेबल नाही. माझ्या मते फेक वापरणाऱ्यानं टेबलची रचना स्वतः उघडून बघितलीच पाहिजे.

१९४६ मध्ये जँगो ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, आणि गेला तो गिटार न घेताच. तिकडच्या कंपन्या गिटार देण्यासाठी रांग लावतील असा त्याचा अंदाज होता. तसं काही झालं नाही. कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तर उशिरा पोचला. अशा कलाकाराला लोक माफ करतात, आणि केलंही.

शेवटची वर्षं सीन नदीकाठच्या साम्वा गावात गेली. मासेमारी, चित्रं, बिलियर्ड्स, आणि मधूनच इलेक्ट्रिक गिटारवर नव्या पद्धतीची जॅझ. १६ मे १९५३ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय ४३.

पन्नास वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी बातम्यांच्या वेबसाइटसाठी एक फ्रेमवर्क लिहायला घेतलं. होलोवाटी स्वतः जँगोच्या पद्धतीची गिटार वाजवतो, त्यामुळे नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि तेव्हा त्यात मायग्रेशन्स नव्हतीच. टेबल बनवून मिळायचं, बदलायचं असेल तर हातानं एसक्यूएल लिहा. अँड्र्यू गॉडविननं त्यासाठी साउथ नावाचं वेगळं पॅकेज लिहिलं, आणि २०१४ मध्ये १.७ आवृत्तीत त्याचंच नव्यानं लिहिलेलं रूप फ्रेमवर्कमध्ये आलं. ती वही आणि ती सूचना तेव्हापासून सोबत मिळते.