शोध सापडावा म्हणून झटलेला डॉक्टर

वैद्यकाचा इतिहास म्हटला की आपल्याला लस शोधणारे आठवतात, जंतू पाहणारे आठवतात. त्यांची चरित्रे मुलांच्या पुस्तकांत असतात आणि ती असायलाच हवीत. पण एकाने लावलेला शोध दुसऱ्याला वेळेवर सापडावा, यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाची आठवण सहसा कोणी काढत नाही. डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज हा तो माणूस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे या माणसाचे ऋण मी रोज वापरले आहे.

बिलिंग्ज यांचा जन्म 12 एप्रिल 1838 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. घरची परिस्थिती बेताची, वाचनाचे वेड मात्र अफाट. वडिलांशी त्यांनी एक करार केला. मला कॉलेजात शिकवा, मालमत्ता सगळी बहिणीला द्या, असा तो करार! आपल्याकडे घराच्या वाटणीवरून सख्खी भावंडे कोर्टाची पायरी चढतात, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते. पुढे सिनसिनाटीत वैद्यक शिकताना एक हिवाळा त्यांनी जवळजवळ दूध आणि अंड्यांवर काढला.

1860 साली पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. विषय घेतला अपस्मारावरील, म्हणजे फेफऱ्यावरील, शस्त्रक्रियेचा. अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रोगी वाचले, एवढेच शोधायचे होते. पण ही माहिती शेकडो पुस्तकांत आणि नियतकालिकांत विखुरलेली. सिनसिनाटीत त्यांतली थोडीच होती. फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क अशा दूरच्या शहरांतून माहिती मिळवण्यात महिने गेले. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की साऱ्या अमेरिकेत असे एकही ग्रंथालय नाही, जिथे वैद्यकाचे बहुतेक साहित्य मिळेल, आणि कुठल्या विषयावर कुठे काय छापले आहे हे सांगणारी चांगली सूचीही नाही. बाकीचे विद्यार्थी असा त्रास पदवी मिळताच विसरतात. बिलिंग्ज विसरले नाहीत.

लगेचच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सैन्यात सर्जन म्हणून त्यांनी चॅन्सेलर्सव्हिल आणि गेटिसबर्गच्या लढायांत जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. 1864च्या अखेरीस त्यांची बदली वॉशिंग्टनला, सर्जन जनरलच्या कचेरीत झाली. तेथे सुमारे दोन हजार पुस्तकांचा छोटासा संग्रह होता. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयांच्या निधीतून सुमारे 80 हजार डॉलर शिल्लक राहिले, ते या ग्रंथालयाच्या कामी आले. ज्या फोर्ड थिएटरात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याच इमारतीत पुढे अनेक वर्षे हा संग्रह होता.

पैसा मिळाला तरी जुने साहित्य बाजारात मिळत नाही. मग बिलिंग्ज यांनी पत्रांचा सपाटा लावला. डॉक्टरांना लिहिले, माळ्यावर पडलेली जुनी नियतकालिके पाठवा. इतर ग्रंथालयांना लिहिले, तुमच्याकडची जादा प्रत आम्हाला द्या, आमच्याकडची तुम्ही घ्या. परदेशातील वकिलातींनाही त्यांनी कामाला लावले. 1895 साली ते निवृत्त झाले, तेव्हा तेथे एक लाखाहून अधिक ग्रंथ जमले होते. विशेष म्हणजे ही दौलत त्यांनी कुलपात ठेवली नाही. दूरच्या डॉक्टरांना पुस्तके उसनी देण्याची पद्धत त्यांनी पाडली.

संध्याकाळी नियतकालिकांचे गठ्ठे त्यांच्या घरी जात. रात्री बसून ते महत्त्वाच्या लेखांवर पेन्सिलीने खुणा करीत आणि दुसऱ्या दिवशी कारकून त्यांची कार्डे लिहीत. या कार्डांतून 1880पासून ग्रंथालयाच्या सूचीचे मोठे खंड निघू लागले. 1895पर्यंत 16 खंड झाले. त्याआधी, 1879 साली, डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साथीने त्यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेत होत्या, तेव्हा हे काम भरात होते.

बिलिंग्ज नुसते पुस्तकी नव्हते. 1878 साली मेम्फिस शहरात पीतज्वराने पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य मंडळाचे ते उपाध्यक्ष होते, आणि त्या मंडळाने मेम्फिसची घरे, विहिरी, शौचकूप यांची पाहणी केली. रोग कुठे आणि का पसरतो, हे मोजल्याशिवाय कळत नाही, ही त्यांची धारणा होती. जनगणनेतील मृत्यूंच्या आकडेवारीचे काम त्यांच्याकडे होते. कार्डांवरून यंत्राने मोजणी करण्याची कल्पना त्यांनी हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याला सुचवली. त्याची यंत्रे 1890च्या जनगणनेत वापरली गेली. बाल्टिमोरच्या 1889 साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा आराखडाही त्यांचाच. शेवटची सोळा-सतरा वर्षे ते न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे संचालक होते. 11 मार्च 1913 रोजी त्यांचे निधन झाले.

माझ्या नोकरीच्या काळात एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने तालुक्याच्या गावातील कावीळ आणि पिण्याचे पाणी हा विषय घेतला होता. इंडेक्स मेडिकसमध्ये आम्हाला हवा तो लेख सापडला, पण तो अंक आमच्याकडे नव्हता. खर्च कमी करण्यासाठी वरिष्ठांनी त्या नियतकालिकाची वर्गणी बंद केली होती. मी दुसऱ्या शहरातील ग्रंथपालांना पोस्टकार्ड टाकले. तीन आठवड्यांनी झेरॉक्स आली. त्यांना आमच्याकडून काही हवे असले की आम्हीही तसेच पाठवीत असू. एकट्या ग्रंथालयाला जे परवडत नाही, ते चार ग्रंथालयांना मिळून जमते, हा धडा मी तिथे गिरवला.

बिलिंग्ज यांचा तो संग्रह 1956 साली अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाला. 1965च्या कायद्याने त्याच्याभोवती विभागीय ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. छापील इंडेक्स मेडिकस 2004 साली थांबले, पण 1997पासून त्याचा संगणकावरील वारस, पबमेड, जगभर विनामूल्य खुला आहे. सूची फुकट मिळाली, तरी पुष्कळ लेख वाचायला मात्र आजही पैसे मोजावे लागतात. भारत सरकारने नोव्हेंबर 2024मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिके सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांना एकत्रित वर्गणीतून मिळावीत, अशी ती योजना. खासगी महाविद्यालये मात्र पहिल्या टप्प्यात त्याबाहेर राहिली, आणि आपल्या राज्यात वैद्यक शिकणारी कितीतरी मुले तिथेच आहेत.

म्हणून ग्रंथालयांनी आपसात देवघेव करण्याची गरज संपलेली नाही. ग्रंथालयाच्या खर्चाला कात्री लावणे सर्वांत सोपे असते, कारण त्याने त्या दिवशी कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे, एखाद्या गावात साथ येते आणि तिच्यावरचा उपाय कुठेतरी छापलेला असूनही तिथल्या डॉक्टरच्या हाती पडत नाही तेव्हा. आपली मुले ज्या महाविद्यालयात शिकतात, तिथली इमारत आणि प्रयोगशाळा आपण चौकसपणे पाहतो. पुढच्या वेळी ग्रंथालयातही डोकवावे. एखादे पुस्तक तिथे नसेल, तर ते कुठून आणि किती दिवसांत मागवून देतात, एवढे जरूर विचारावे.