नापासांचे गुरुजी

निकालाच्या दिवशी एखाद्या मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसला, की मला इटलीतले लोरेन्झो मिलानी आठवतात. १९२३ साली फ्लॉरेन्सच्या सधन घरात जन्मलेले मिलानी पुढे धर्मगुरू झाले. १९५४ मध्ये त्यांची रवानगी बार्बियाना या डोंगरातल्या मूठभर घरांच्या वस्तीवर झाली. शाळेने नाकारलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी तिथे शाळा काढली. बाराही महिने वर्ग, रोज वर्तमानपत्राचे वाचन. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचे आणि मागे पडलेल्याला समजेपर्यंत पुढे जायचे नाही. १९६७ मध्ये इथल्याच आठ विद्यार्थ्यांनी शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले आणि गरिबांचीच मुले जास्त नापास होतात, हे आकड्यांनिशी दाखवले. त्याच वर्षी, ४४व्या वर्षी, मिलानी गेले. नापास नेमके कोण, मूल की शाळा? त्यांच्या शाळेने उभा केलेला हा प्रश्न मला आजही गप्प बसू देत नाही.