आयडा रोझेन्थाल : मापाचा आग्रह धरणारी शिंपीण

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. वज्रेश्वरीचा फाटा येथूनच फुटतो. अशा नाक्यावरच्या कापड दुकानात ब्रेसियर घ्यायला आलेली स्त्री हलक्या आवाजात एक आकडा सांगते, दुकानदार खोके काढतो आणि कागदात गुंडाळलेले पुडके पिशवीत जाते. माप घेणे नाही, घालून पाहणे नाही. तो आकडाही बरेचदा लग्नाआधी कधीतरी कुणी सांगितलेला असतो. मुंबई-ठाण्याच्या मोठ्या दुकानांत काचेचे कपाट आणि दिव्यांची रोषणाई असते, एवढाच काय तो फरक. ब्लाऊज खांद्यावर जरा ओढला गेला तर शिंप्याकडे दोन-दोन खेपा घालणारी स्त्री त्याच्या आतल्या कपड्याचे काचणे मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसते. या वस्त्राला आजचे रूप देण्यात ज्या बाईंचा मोठा वाटा आहे, त्या आयडा रोझेन्थाल यांचा सारा व्यवसाय नेमक्या या गोष्टीवर उभा राहिला होता, की सगळ्या स्त्रिया एका मापाच्या नसतात.

आयडा यांचा जन्म ९ जानेवारी १८८६ रोजी रशियन साम्राज्यातील मिन्स्क शहराजवळच्या राकोव्ह या गावी झाला. हे गाव आज बेलारूसमध्ये आहे. माहेरचे आडनाव कागानोविच. वडील हिब्रू धर्मग्रंथांचे अभ्यासक, त्यामुळे घर चालवण्याचा भार आईच्या छोट्या दुकानावर. सात भावंडांत आयडा थोरल्या. लहान वयातच त्या शिवणकाम शिकल्या आणि सोळाव्या वर्षी वॉर्सा येथे जाऊन दिवसा शिवणाची नोकरी व उरलेल्या वेळात रशियन भाषा आणि गणित, असा क्रम त्यांनी ठेवला. गणिताचा पुढे फार उपयोग झाला. झारशाहीविरुद्धच्या समाजवादी चळवळीशी त्यांचा संबंध आला, तो याच काळात. विल्यम रोझेन्थाल हा तरुणही त्याच विचारांचा. रशिया-जपान युद्धात सैन्यभरती टाळण्यासाठी तो १९०५ मध्ये अमेरिकेला निघून गेला आणि काही महिन्यांत आयडाही तेथे पोहोचल्या. १९०६ मध्ये त्यांचा विवाह झाला.

न्यू जर्सीतील होबोकेन येथे नवे बिऱ्हाड झाले. त्या काळी पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यू मुली न्यूयॉर्कच्या कपडा कारखान्यांत बारा-बारा तास राबत. आयडा यांनी ती वाट धरली नाही. दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचे नाही, असे ठरवून त्यांनी हप्त्याने सिंगरचे शिलाई यंत्र घेतले आणि घरच्या घरी झगे शिवायला सुरुवात केली. १९१२ पर्यंत त्यांच्याकडे सहा कामगार होते. १९१८ मध्ये दुकान न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात हलले, गिऱ्हाईक वाढले. १९२१ च्या सुमारास एनिड बिसेट या महिलेने त्यांना भागीदारीचा प्रस्ताव दिला. पश्चिम सत्तावन्नाव्या रस्त्यावरील एनिड फ्रॉक्स हे बिसेटबाईंचे दुकान उंची होते. तेथील एकेक झगा शंभर डॉलरच्या वर विकला जाई. समाजवादाच्या गोष्टी करणारी राकोव्हची मुलगी आता धनिक स्त्रियांच्या अंगाची मापे घेऊ लागली.

ती १९२० च्या दशकाची सुरुवात होती. फॅशन होती ती किशोरवयीन मुलासारखे सपाट दिसण्याची. त्यासाठी स्त्रिया छातीभोवती कापडाचा सरळ पट्टा आवळून घेत आणि पाठीमागे हूक लावत. असे पट्टे विकणाऱ्या कंपन्याही होत्या. शिंपिणीच्या नजरेला यातली अडचण तत्काळ कळली. शरीर दाबून सपाट केले की झगा सपाट होत नाही, तो नको तेथे फुगतो आणि काखेत चुण्या पडतात. बारीक चणीच्या मुलीला जो झगा शोभे, तोच भरल्या अंगाच्या स्त्रीवर बिघडे. शंभर डॉलरच्या कपड्याचे असे व्हावे, हे दोन्ही भागीदारिणींना पटणारे नव्हते.

बिसेटबाईंनी तो पट्टा मधोमध कापला, दोन भागांना हलक्या चुण्या देऊन दोन खोलगट कप केले आणि मध्ये इलॅस्टिकचा तुकडा जोडला. विल्यम हे हौशी शिल्पकार होते. त्यांनी या ओबडधोबड वस्तूला आकार दिला. सुरुवातीला ही वस्तू झग्यासोबत फुकट दिली जाई. काही दिवसांतच गिऱ्हाइके झगा नको, आतले तेवढे द्या, असे म्हणत परत येऊ लागली. तेव्हा एक डॉलर किंमत लावण्यात आली. सपाट पट्ट्यांच्या बॉइश फॉर्म या नावाला उत्तर म्हणून मेडन फॉर्म हे नाव ठरले. १९२५ च्या सुमारास न्यू जर्सीतील बेयॉन येथे कारखाना सुरू झाला आणि झग्यांचा धंदा मागे पडला. प्रकृतीच्या कारणाने बिसेटबाई व्यवसायातून बाजूला झाल्या.

ब्रेसियरचा शोध आयडा यांनी लावला, असे सरसकट लिहिले जाते. ते खरे नाही. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी दोन हातरुमाल आणि फीत जोडून केलेल्या वस्त्राचे पेटंट ३ नोव्हेंबर १९१४ रोजीच मिळवले होते आणि पुढे ते वॉर्नर या कॉर्सेट कंपनीला पंधराशे डॉलरला विकले होते. मेडनफॉर्मच्या वस्त्रातही मूळ युक्ती बिसेटबाईंची, घडण विल्यम यांची. आयडा यांचा भाग वेगळाच, आणि खरे तर अधिक अवघड होता. एका दुकानातली गिऱ्हाइकाला बेतून दिलेली वस्तू हजारो अनोळखी स्त्रियांना बसेल अशी करायची कशी, हा तो प्रश्न. उत्पादनाचे तुकडे पाडले गेले. एक बाई फक्त कप शिवी, दुसरी फक्त पट्टी जोडी. यंत्रमागाच्या भिवंडीला अशी वाटणी समजावून सांगायला नको. १९२८ मध्ये कारखान्यातून पाच लाखांच्या आसपास ब्रेसियर बाहेर पडल्या.

मापाचे गणित येथेच महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे जो आकडा सांगितला जातो, तो केवळ घेराचा असतो. प्रत्यक्षात मापे दोन लागतात. एक छातीच्या खालून, बरगड्यांवरून, टेप जमिनीशी समांतर ठेवून आणि श्वास सोडून घेतलेले. दुसरे उभाराच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. पहिल्यावरून पट्ट्याचा आकडा ठरतो आणि दुसरे माप त्या आकड्यापेक्षा किती जास्त भरते यावरून कप. सर्वसाधारणपणे एक इंच जास्त असेल तर ए, दोन इंच असेल तर बी, तीन असेल तर सी, चार असेल तर डी. जुन्या पद्धतीत खालच्या घेरात चार किंवा पाच इंच मिळवून पट्ट्याचा आकडा काढतात, नव्या पद्धतीत मिळवत नाहीत. त्यामुळे एका कंपनीची ३४ दुसरीच्या ३४ शी जुळेलच असे नाही आणि घालून पाहण्याला पर्याय उरत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच कोणी सांगते. ३४ चा बी कप आणि ३६ चा बी कप सारखे नसतात. घेर वाढला की त्याच अक्षराचा कपही मोठा होतो. म्हणून ३४ बी चा पट्टा सैल वाटला, पण कप बरोबर बसला, तर ३२ बी न घेता ३२ सी घ्यावी लागते. भार पेलायचा असतो तो पट्ट्याने. खांद्यावर वळ उठत असतील तर बहुतेक वेळा पट्टा सैल असतो आणि त्याचे काम बिचारे खांदे करीत असतात. पाठीमागचा पट्टा वर सरकणे हीही त्याचीच खूण. नवी ब्रेसियर सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक वापराने ढिले पडते आणि आतले हूक त्यासाठीच ठेवलेले असतात. दोन कपांमधला भाग छातीला टेकला पाहिजे.

कपाला अक्षरे देण्याचे श्रेयही अनेकदा रोझेन्थाल दांपत्याला दिले जाते. ती कल्पना मात्र अमेरिकेतीलच एस. एच. कँप या कंपनीने १९३२ च्या सुमारास पुढे आणली आणि वॉर्नर कंपनीने १९३७ मध्ये रुळवली. मेडनफॉर्मने निरनिराळ्या वयाच्या आणि अंगलटीच्या स्त्रियांसाठी, स्थूल स्त्रियांसाठी, तान्ह्या मुलांच्या आयांसाठी वेगवेगळे नमुने काढले. खांद्याची पट्टी कमी-जास्त करण्याच्या कडीचे पेटंट विल्यम यांच्या नावावर आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून खणाची चोळी होती, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिची गाठ बरोबर छातीखाली बसे आणि बाळंतपणात, आजारपणात, वाढत्या वयात नेसणारीच ती सैल किंवा घट्ट करी. पट्टा आणि माप दोन्ही त्या गाठीत होते. गाठ गेली, हुकांचे ब्लाऊज आले आणि माप दुसऱ्याच्या हाती गेले.

आयडा यांच्या घरात दुःखही आले. मुलगा लुईस १९३० मध्ये ऐन तारुण्यात वारला. मुलगी बिएट्रिस पुढे कारखान्यात आली. दुसऱ्या महायुद्धात कापड आणि रबर यांवर नियंत्रणे आली, तेव्हा आयडा यांनी सरकारदरबारी बाजू मांडली, की कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्या स्त्रीला नीट आधार मिळाला तर ती कमी थकते. तो युक्तिवाद मान्य होऊन कच्चा माल मिळाला. त्याबरोबर कंपनीने पॅराशूट बनवले आणि छत्रीधारी सैनिकांनी उडी मारताना निरोप्या कबुतरांना अंगाशी बांधून नेण्यासाठी कबुतरांच्या बंड्याही शिवल्या. कपाचे शिवण येथे कामी आले, असे म्हणायला हरकत नाही.

१९४९ मध्ये सुरू झालेल्या जाहिरातींनी मेडनफॉर्म घरोघरी पोहोचली. स्वप्नात आपण बाजारात, नाटकगृहात किंवा निवडणुकीच्या सभेत केवळ ब्रेसियर घालून वावरत आहोत, असे सांगणारी स्त्री त्यांत असे. कमरेखाली ती पूर्ण पोशाखात, वर मात्र तेवढेच. त्यावर टीका झाली, थट्टा झाली, आणि जाहिराती वीस वर्षे चालल्या. आजच्या नजरेने पाहता त्यांत स्त्रीचे स्वातंत्र्य किती आणि तिचे प्रदर्शन किती, याचा निवाडा सोपा नाही. धंदा मात्र दुप्पट-चौपट झाला. १९६० च्या दशकात मुंबईच्या असोसिएटेड अ‍ॅपरल्स या कंपनीमार्फत मेडनफॉर्मचे नाव भारतातही आले.

विल्यम १९५८ मध्ये वारले. पाच फुटांहूनही कमी उंचीच्या आयडा यांनी सत्तरी उलटल्यावर कंपनीची सूत्रे एकटीने हाती घेतली. देशोदेशी फिरून त्या दुकानदारांना भेटत. १९६३ मध्ये अमेरिकी उद्योजकांच्या शिष्टमंडळाबरोबर त्या सोव्हिएत रशियात गेल्या. ज्या देशातून एकोणिसाव्या वर्षी क्रांतीची स्वप्ने घेऊन निघाल्या होत्या, तेथे आता त्या भांडवलदार म्हणून कारखाने पाहत होत्या. १९६६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे कामकाज थांबले. मार्च १९७३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्याआधीच, १९६८ मध्ये, कारभार बिएट्रिस यांच्याकडे आला होता. १९९० मध्ये बिएट्रिसही गेल्या. १९९७ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, त्यातून ती सावरली आणि २०१३ मध्ये हेन्सब्रँड्स या कंपनीने ती विकत घेतली. मेडनफॉर्मचे जुने दप्तर आणि जाहिराती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.