सहा आठवड्यांत एक भाषा!

हाइनरिख श्लीमान हे नाव निघाले की ट्रॉयचे उत्खनन आठवते. होमरच्या महाकाव्यातील नगरी खरीच होती, असे मानून तुर्कस्तानातील हिसारलिकची टेकडी खणणारा हा जर्मन हौशी संशोधक जगभर गाजला. मात्र या माणसाने प्राचीन अवशेषांच्या शोधासाठी पहिली कुदळ मारली, ती वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर. त्याआधी तो निळीचा व्यापारी होता. या व्यापारातील त्याचे खरे भांडवल म्हणजे परक्या भाषा. त्या शिकण्याची त्याने स्वतःसाठी एक पद्धत घडवली होती. श्लीमानच्या चरित्राचा हा भाग ट्रॉयच्या झगमगाटात काहीसा झाकला गेला आहे.

६ जानेवारी १८२२ रोजी जर्मनीतील मेकलेनबुर्ग प्रांतात, नॉयबुको या गावी एका पाद्र्याच्या घरी त्याचा जन्म झाला. आई लवकर गेली, वडिलांची परिस्थिती खालावली आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटली. फ्युर्स्टेनबेर्ग येथील किराणा दुकानात मीठ, साखर, मासे विकण्यात त्याची साडेपाच वर्षे गेली. या दुकानात एके दिवशी एक मद्यपी गिरणीवाला आला आणि त्याने होमरच्या शंभरेक ओळी मूळ ग्रीकमध्ये म्हणून दाखवल्या. श्लीमानला त्यातले अक्षर कळले नाही. तरी पदरच्या पैशांनी दारू पाजून त्याने त्या ओळी तीनदा म्हणवून घेतल्या, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. ती शब्दशः खरी मानावी की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु अर्थाच्या आधी नादाला भुलणारा हा स्वभाव पुढे त्याच्या अभ्यासात जागोजागी दिसतो.

जड पिंप उचलताना छातीला इजा झाली आणि ही नोकरी सुटली. १८४१ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेला निघालेले त्याचे जहाज हॉलंडच्या टेक्सेल बेटाजवळ फुटले. नेसत्या वस्त्रांनिशी वाचलेला हा तरुण ॲमस्टरडॅमला पोहोचला आणि एका पेढीत हरकाम्या म्हणून राहिला. हुंड्यांवर शिक्के मारायचे, टपाल पोहोचवायचे, एवढेच काम. पगार वर्षाला आठशे फ्रँक. त्यातला निम्मा तो शिक्षणावर खर्च करी. उरलेल्यात राहायला शेकोटी नसलेली खोली आणि न्याहारीला राईची लापशी.

त्याने प्रथम इंग्रजी घेतली. रोज बरेच मोठ्याने वाचायचे. भाषांतर करायचे नाही. दिवसाकाठी एक तास शिकवणी घ्यायची. आपल्याला रस आहे अशा विषयावर रोज निबंध लिहायचा, शिक्षकाच्या देखत तो दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणून दाखवायचा. रविवारी तो इंग्रजी चर्चमध्ये जाऊन बसे आणि धर्मोपदेशकाचा प्रत्येक शब्द हलक्या आवाजात पुन्हा उच्चारून पाही. भर पावसातही हातात पुस्तक घेतल्याशिवाय तो निरोप पोहोचवायला निघत नसे आणि टपाल कचेरीत ताटकळतानाही वाचत राही. 'द व्हिकार ऑफ वेकफिल्ड' आणि 'आयव्हनहो' या दोन कादंबऱ्या त्याने अशा रीतीने संपूर्ण पाठ केल्या. इंग्रजीला सहा महिने लागले, फ्रेंचला आणखी सहा. त्यानंतर डच, स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीज या भाषांना प्रत्येकी सहा आठवडे पुरले, असे तो सांगतो.

पाठांतराला आपल्याकडे हल्ली फार नावे ठेवली जातात. घोकंपट्टी वाईटच, पण श्लीमानने जे पाठ केले ते सुटे शब्द नव्हते, नियमांची कोष्टकेही नव्हती. वाहत्या गद्याची पानेच्या पाने होती. शिवाय ही पद्धत त्याच्या दिनक्रमाला चपखल बसणारी होती. पायी हिंडणाऱ्या, डोके न लागणाऱ्या कामाला जुंपलेल्या माणसाला व्याकरणाचा ग्रंथ उघडून बसण्याची सोय नसते. चालता चालता पाठ म्हणता मात्र येते.

पद्धतीची खरी कसोटी लागली ती रशियन भाषेत. १८४४ मध्ये तो श्रोडर यांच्या मोठ्या पेढीत लागला होता आणि रशियाशी चालणाऱ्या निळीच्या व्यापारात ही भाषा जाणणाऱ्याला संधी होती. परंतु ॲमस्टरडॅममध्ये शिक्षक मिळेना. त्याने एक जुने व्याकरण, एक कोश आणि फेनेलाँच्या 'तेलेमाक' या फ्रेंच कादंबरीचे एक सुमार रशियन भाषांतर मिळवले. मूळ कथा ओळखीची असल्याने अर्थाची अडचण नव्हती. उणीव होती श्रोत्याची. तेव्हा त्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन एका गरीब ज्यू गृहस्थाला नेमले. रोज संध्याकाळी दोन तास या गृहस्थाने समोर बसून श्लीमानचे रशियन पाठांतर ऐकायचे, एवढेच त्याचे काम. त्याला रशियनचा गंधही नव्हता! घरांच्या लाकडी तक्तपोशीतून हा आरडाओरडा शेजाऱ्यांपर्यंत पोहोचे. त्यांच्या तक्रारींमुळे श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. पण सहा आठवड्यांनी त्याने पहिले रशियन व्यापारी पत्र लिहिले आणि जानेवारी १८४६ मध्ये पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला धाडले. तेथे तो गब्बर झाला.

ग्रीक शिकण्याचे त्याने मुद्दाम लांबवले होते. त्या भाषेच्या मोहात धंदा बुडेल, अशी त्याला धास्ती होती. १८५६ मध्ये त्याने तो संयम सोडला. 'पॉल आणि व्हर्जिनी' या फ्रेंच कथेचे आधुनिक ग्रीक भाषांतर त्याने घेतले आणि प्रत्येक शब्द मूळ फ्रेंचशी ताडून पाहिला. पहिल्या वाचनात निम्मे शब्द आले, दुसऱ्यात बाकीचे. कोश उघडण्यात एक मिनिटही गेले नाही, हा त्याचा अभिमान होता. मग प्राचीन ग्रीक आणि होमर. शाळांमधून आधी व्याकरणाचा मारा करून ग्रीक शिकवतात, ते चूक आहे, असे त्याचे आग्रही मत होते.

आता थोडी सावधगिरी. सहा आठवड्यांचा हा सगळा हिशेब त्याच्याच आत्मकथनातला आहे. 'इलिओस' या १८८० च्या ग्रंथाच्या आरंभी त्याने ते जोडले होते. १९७२ मध्ये अमेरिकन अभ्यासक विल्यम काल्डर यांनी या आत्मकथनाच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवले आणि त्यानंतर त्यातील अनेक थापा उघडकीस आल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या १८५१ मधील भीषण आगीचे वर्णन त्याच्या रोजनिशीत प्रत्यक्षदर्शीच्या थाटात आहे. प्रत्यक्षात त्या वेळी तो सॅक्रामेंटोला होता. भाषांच्या बाबतीतही हे लक्षात घ्यायला हवे की, उत्तर जर्मनीतल्या माणसाला डच फारशी परकी नसते आणि फ्रेंच आल्यावर इटालियन, स्पॅनिश शिकणे म्हणजे मराठी माणसाने कोकणी किंवा गुजराती शिकण्यासारखे आहे. १८६९ मध्ये रोस्टोक विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. त्यासाठी त्याने आपला जीवनवृत्तांत लॅटिन आणि प्राचीन ग्रीकमध्येही सादर केला होता. लॅटिन चालून गेले, ग्रीकची वाक्यरचना मात्र परीक्षकाला कच्ची वाटली. व्याकरण टाळण्याची किंमत ती हीच.

घाईने पुढे जाण्याचा हा गुण हिसारलिकला महागात पडला. १८७१ ते १८७३ या काळात त्याने टेकडीतून भलामोठा चर खणला. होमरचे ट्रॉय तळाशी असणार, या समजुतीने वरचे थर उडवले. १८७३ मध्ये सापडलेला, प्रायम राजाचा म्हणून गाजवलेला सोन्याचा खजिना त्या काळाच्या हजारएक वर्षे आधीचा निघाला.

इतके असूनही, त्याला अनेक भाषा येत होत्या याविषयी शंका नाही. ज्या देशात असेल त्या देशाच्या भाषेत रोजनिशी लिहिण्याचा त्याचा परिपाठ होता. नोव्हेंबर १८९० मध्ये त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली. दुखणे पुरते बरे होण्याआधीच तो प्रवासाला निघाला. नाताळच्या दिवशी नेपल्सच्या रस्त्यात तो कोसळला. शुद्ध होती, वाचा मात्र गेली होती. आपण कोण, हे त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, त्याचे निधन झाले. त्याचा मृतदेह अथेन्सला नेऊन तेथे दफन करण्यात आला. त्याच्या रोजनिशा आणि हजारो पत्रे त्याच शहरातील गेन्नाडियस ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.