निर्वासितांच्या वेदनेला धावलेल्या आरोग्यमंत्री : राजकुमारी अमृत कौर

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात दोन ख्रिस्ती मंत्री होते. एक रेल्वेमंत्री डॉ. जॉन मथाई आणि दुसऱ्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. केंद्रीय मंत्रिमंडळात स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच 'एम्स'च्या, शिल्पकार म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्या संस्थेची वीट रचली जाण्यापूर्वी या आरोग्यमंत्र्यांना जी पहिली परीक्षा द्यावी लागली, ती तंबूंच्या शहरांत, चिखलात आणि रोगराईच्या सावलीत. फाळणीमुळे निर्वासित झालेल्या लाखो जीवांच्या आरोग्याची ती परीक्षा होती. त्यांच्या जीवनातील हे पर्व आपल्या समाजात फारसे परिचित नाही.

राजवाड्यातून आश्रमाकडे

अमृत कौर यांचा जन्म १८८०च्या दशकात लखनौ येथे झाला. त्यांचे वडील राजा सर हरनाम सिंग हे पंजाबातील कपूरथळा संस्थानच्या राजघराण्यातील. जालंधर येथे त्यांचा परिचय बंगाली मिशनरी गोलकनाथ चॅटर्जी यांच्याशी झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि गोलकनाथांची कन्या प्रिसिला हिच्याशी विवाह केला. या निर्णयामुळे त्यांना राजघराण्यापासून दूर व्हावे लागले. या दांपत्याची अमृत ही सर्वांत धाकटी अपत्य आणि एकुलती एक कन्या. घराणे प्रॉटेस्टंट परंपरेतील होते व अमृत कौर यांनी ती श्रद्धा अखेरपर्यंत जपली.

त्यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील शेरबोर्न येथे झाले. टेनिसमध्ये त्या निपुण होत्या. मायदेशी परतल्यावर ऐश्वर्याचे आयुष्य त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते. मात्र वडिलांच्या घरी येणाऱ्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सहवासाने त्यांच्या मनात देशसेवेचे बीज पडले. गोखले यांच्यामुळेच गांधीजींच्या कार्याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. १९१९ साली जालियनवाला बागेत झालेल्या हत्याकांडाने तर त्यांचे अंतःकरण हेलावून गेले. १९२७ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या एक संस्थापक होत्या. बालविवाह, पडदा आणि देवदासी या प्रथांविरुद्ध त्यांनी सातत्याने आवाज उठवला.

१९३० साली वडिलांचे निधन झाले आणि १९३४पासून त्या गांधीजींच्या सान्निध्यात राहू लागल्या. महाराष्ट्राच्या भूमीशी त्यांचा खरा ऋणानुबंध जुळला तो इथे. वर्धा आणि पुढे सेवाग्राम येथे त्यांनी आश्रमाचे साधे जीवन पत्करले व गांधीजींच्या सचिव म्हणून दीर्घकाळ काम केले. १९४२च्या 'भारत छोडो' आंदोलनात त्यांनी मिरवणुकांचे नेतृत्व केले, लाठीमार सोसला आणि कारावासही भोगला. त्या काळी वर्धा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्याच प्रांतातून त्या संविधान सभेवर निवडून गेल्या. तेथे फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरूही सदस्य होते. धर्माच्या आधारे राखीव जागा किंवा स्वतंत्र मतदारसंघ अल्पसंख्याकांनी मागू नयेत, अशी अमृत कौर यांची ठाम भूमिका होती.

रिकाम्या हातांनी स्वीकारलेली जबाबदारी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी आरोग्य खाते हाती घेतले, तेव्हा देशाची आरोग्यव्यवस्था अत्यंत तुटपुंजी होती. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. संपूर्ण देशात परिचारिका होत्या केवळ सुमारे ७,०००. फाळणीने हे अल्प बळही दुभंगले. पंजाबातील वैद्यकीय शिक्षणाचे आणि उपचारांचे मोठे केंद्र असलेले लाहोर पाकिस्तानात गेले.

आणि नेमक्या याच वेळी मानवी इतिहासातील एक महाभयंकर स्थलांतर सुरू झाले. लोक रेल्वेने, बैलगाड्यांनी आणि पायी निघाले. लायलपूरहून निघालेल्या एका पायी काफिल्यात सुमारे ४ लाख माणसे होती. १९५१च्या जनगणनेत पाकिस्तानातून भारतात आलेल्या विस्थापितांची संख्या सुमारे ७३ लाख नोंदली गेली. जखमी, उपाशी, अत्याचारित आणि आप्तस्वकीयांना मुकलेल्या या माणसांना अन्न व निवारा देण्याची जबाबदारी मदत व पुनर्वसन खात्याकडे होती. परंतु छावण्यांत रोगाची साथ पसरू न देणे, जखमींवर उपचार करणे, बाळंतिणींची आणि तान्ह्यांची काळजी घेणे हे काम आरोग्य खात्याच्या खांद्यावर आले.

ऑगस्ट १९४७च्या अखेरीस, हिंसाचार धुमसत असतानाच, अमृत कौर यांनी लेडी एडविना माउंटबॅटन यांच्यासमवेत पंजाबचा दौरा केला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या छावण्या आणि रुग्णालये त्यांनी पाहिली. कोठे काय कमी आहे हे त्यांना कागदावरून नव्हे, तर रुग्णांच्या खाटांशेजारी उभे राहून कळले.

छावणीतील लढाई

निर्वासितांच्या छावण्यांपैकी सर्वांत मोठी छावणी कुरुक्षेत्र येथे उभी राहिली. आरंभी ती १ लाख लोकांसाठी योजलेली होती. परंतु डिसेंबर १९४७पर्यंत तेथे सुमारे ३ लाख माणसे तंबूंतून राहत होती. रोज १०० टन पीठ लागत असे. एवढ्या दाटीत एका कॉलऱ्याच्या रुग्णामुळे पाणवठा दूषित झाला, तर हजारोंचा जीव धोक्यात येतो. त्या काळी कॉलऱ्यावर तोंडावाटे देण्याचे क्षार-संजीवनीचे द्रावण उपलब्ध नव्हते. त्याचा छावणीतील मोठा प्रयोग डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ साली बोनगाव येथे, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये केला. १९४७ साली शिरेतून सलाइन देणे हाच उपाय होता आणि त्यासाठी लागणारे डॉक्टर, परिचारिका व साहित्य या सर्वांचाच तुटवडा होता. म्हणूनच आजार होण्यापूर्वीच त्याला रोखणे, म्हणजे लस टोचणे, पाणी शुद्ध करणे, चर खणून शौचकूप तयार करणे आणि रुग्णांना वेगळे ठेवणे, हीच खरी लढाई होती.

ही लढाई एकट्या मंत्रालयाने लढण्याजोगी नव्हती. लष्कर, प्रांतिक सरकारे, रेडक्रॉस, वैद्यकीय महाविद्यालये, मिशन रुग्णालये आणि स्वयंसेवक, प्रत्येकजण आपापल्या परीने झटत होता. परंतु एका छावणीत औषधे पडून राहावीत आणि दुसरीत माणसे औषधाविना मरावीत, असा धोका अशा वेळी नेहमीच असतो. स्वयंसेवी संस्थांचे प्रयत्न एका सूत्रात गुंफण्यासाठी लेडी माउंटबॅटन यांच्या नेतृत्वाखाली एक संयुक्त मदत व कल्याण परिषद स्थापन झाली. शासकीय बाजूने, पूर्वी अलग असलेली वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन वरिष्ठ पदे एकत्र करून आरोग्यसेवा महासंचालक हे एकच पद निर्माण झाले. त्या पदावर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी निगडित जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता आले.

या कामात परिचारिकांचा वाटा फार मोठा होता. त्या काळी भारतातील बहुसंख्य परिचारिका ख्रिस्ती होत्या, ही आपल्या समाजासाठी अभिमानाची बाब आहे. परिचारिकेच्या व्यवसायाकडे हलक्या नजरेने पाहणाऱ्या समाजाला तिची खरी किंमत निर्वासितांच्या छावण्यांनी दाखवून दिली. १९४७ संपता संपता भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला आणि देशभरातील परिचारिकांच्या शिक्षणाला एकसमान दर्जा देण्याची वाट मोकळी झाली. दिल्लीतील परिचर्या महाविद्यालय आज अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते, ते यथार्थच होय.

शत्रू कोण, शेजारी कोण?

सर्वांत कठीण कसोटी मात्र राजधानीतच होती. सप्टेंबर १९४७मध्ये दिल्लीत दंगली उसळल्या. जीव मुठीत धरून निघालेल्या हजारो मुसलमान कुटुंबांनी पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या परिसरात आसरा घेतला. तेथील हाल शब्दांत मांडणे कठीण. पाणी अपुरे, शौचालयांची सोय नाही, डोक्यावर छप्पर नाही. त्याच शहरात पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले हिंदू आणि शीख निर्वासितही होते. आपल्यावरील अत्याचारांच्या जखमा ताज्या असताना दुसऱ्या धर्माच्या माणसांना सरकारने औषधपाणी पुरवावे, हे अनेकांना रुचत नव्हते. अशा वेळी सरकारपुढे प्रश्न होता, आजाऱ्याचा धर्म विचारायचा की नाही? गांधीजींच्या सहवासात आणि ख्रिस्ती संस्कारांत वाढलेल्या अमृत कौर यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर एकच होते. प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यातही जखमीची जात विचारलेली नाही.

हे यश परिपूर्ण होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. छावण्यांत अनेकांचे प्राण गेले. पूर्व बंगालमधून वर्षानुवर्षे येत राहिलेल्या निर्वासितांच्या वाट्याला पंजाबच्या तुलनेत कमी साहाय्य आले. सियालदह स्थानकाच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे दीर्घकाळ पडून होती. तरीही जवळजवळ नसलेल्या यंत्रणेतून एवढ्या अफाट जनसमुदायाला आरोग्यसेवा पोहोचवण्याचे कार्य लहान नव्हते.

आपल्या परिसरालाही या इतिहासाचा स्पर्श झाला आहे. सिंधमधून बोटींनी मुंबईस आलेल्या सिंधी बांधवांपैकी सुमारे लाखभर लोकांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत ठेवण्यात आले. त्याच छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. आज त्या शहरातील गजबज पाहताना तेथील बराकींत एकेकाळी किती अश्रू ढाळले गेले असतील, याची कल्पना येत नाही.

छावणीतून राष्ट्राकडे

निर्वासितांच्या सेवेतून उमगलेली तत्त्वे अमृत कौर यांनी पुढे संपूर्ण देशासाठी वापरली. क्षयरोगाविरुद्ध बी.सी.जी. लसीकरणाची मोहीम १९४८पासून सुरू झाली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्या काळी हिवतापामुळे दरवर्षी सुमारे ८ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९५० साली जागतिक आरोग्य परिषदेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

कुटुंबनियोजनाबाबत त्यांनी कृत्रिम साधनांऐवजी संयमाचा आणि नैसर्गिक पद्धतीचा पुरस्कार केला. त्यासाठी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेमार्फत डॉ. अब्राहम स्टोन यांना पाचारण करण्यात आले. या धोरणावर टीकाही पुष्कळ झाली. त्यांची ही भूमिका मुख्यतः गांधीविचारातून आली असली, तरी कॅथलिक वाचकांना तिच्यात ओळखीचा सूर जाणवेल.

'एम्स'चे विधेयक त्यांनी फेब्रुवारी १९५६मध्ये लोकसभेत मांडले. त्यासाठी न्यूझीलंडसह अनेक देशांकडून त्यांनी साहाय्य मिळवले. सिमल्यातील 'मॅनरव्हिल' हे वडिलोपार्जित निवासस्थानही त्यांनी या संस्थेला दान केले, जेणेकरून तेथील परिचारिकांना व कर्मचाऱ्यांना विसाव्याचे ठिकाण मिळावे. १९५७ साली मंत्रिपद सोडल्यावरही राज्यसभेच्या सदस्य व भारतीय रेडक्रॉसच्या अध्यक्षा म्हणून त्या अखेरपर्यंत कार्यरत राहिल्या. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांनी देह ठेवला. २०२० साली 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने गेल्या शतकातील प्रत्येक वर्षासाठी एका कर्तृत्ववान महिलेची निवड केली, तेव्हा १९४७ या वर्षासाठी अमृत कौर यांचे नाव निवडले गेले.

आजही जगात कोट्यवधी माणसे घरादाराला पारखी होऊन तंबूंत दिवस काढत आहेत. प्रत्यक्ष येशूबाळालाही मातापित्यांसह मिसर देशात निर्वासित म्हणून आश्रय घ्यावा लागला होता, हे आपण दर नाताळात ऐकतो. परक्याच्या दुखण्याला आपले मानणे ही केवळ भावना नव्हे. त्यासाठी स्वच्छ पाणी, लस, औषध, प्रशिक्षित हात आणि या सर्वांची सुसूत्र जुळवणी लागते, हा अमृत कौर यांच्या जीवनाचा धडा आहे. आपल्या धर्मग्रामांतील परिचारिका, डॉक्टर व आरोग्यसेवक भगिनी-बंधू हा वारसा पुढे चालवीत आहेत. त्यांच्या सेवेत या थोर ख्रिस्ती भगिनीची स्मृती तेवत राहो, हीच प्रार्थना.