स्लीमन आणि धोतरा

गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा इतिहास १८३७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याचा लेखक होता विल्यम हेन्री स्लीमन. जबलपुरात मात्र त्याचे नाव निघते ते ठगांच्या बंदोबस्तासाठी. त्या कामातील एक बाजू फारशी सांगितली जात नाही, ती धोतऱ्याची.

स्लीमनचा जन्म १७८८ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. १८०९ मध्ये तो कंपनीच्या बंगाल सैन्यात दाखल झाला, नेपाळच्या युद्धात लढला आणि १८२० मध्ये मुलकी कामासाठी सागर-नर्मदा प्रदेशात आला. जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे नरसिंहपूरचा कारभार त्याच्याकडे होता. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती, हे त्याला फार उशिरा, ठगांच्याच जबान्यांतून कळले. १८२८ मध्ये त्याला जबलपुरात प्रचंड प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडली. डायनोसॉर हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता. पुढच्याच वर्षी याच शहरात त्याचा विवाह झाला.

रुमालाने गळा आवळणाऱ्या ठगांचा माग त्याने माफीच्या साक्षीदारांकरवी काढला. साक्षीदार जागा दाखवी, जमीन उकरली जाई, सांगाडे मिळत. या पद्धतीत निरपराधही भरडले गेले असतील, अशी शंका आजचे इतिहासकार घेतात, आणि ती अनाठायी नाही. परंतु धोतरा घालून लुटणाऱ्यांपुढे ही पद्धतही लंगडी पडे. वाटेत सोबत जोडायची, पिठात किंवा शिधासामग्रीत धोतऱ्याचे बी मिसळायचे, एवढेच त्यांचे कसब. खाणाऱ्याचा घसा कोरडा पडतो, बाहुल्या विस्फारतात, तो भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो. वाचला तरी मधल्या प्रहरांची त्याला धड आठवण राहत नाही. मग साक्ष द्यायची कोणी? १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात स्लीमनने एका फकिराची हकीकत नोंदवली आहे. एका कांबळ्याच्या लोभाने बापलेकांना विष घातले गेले. बाप वाचला, मुलगा गेला. साऱ्या ग्रंथात इतके जिव्हारी लागणारे दुसरे प्रकरण मला आढळले नाही.

नवल असे की, जबलपुरात ठगांचे खटले चालू होते त्याच सुमारास, १८३३ मध्ये, गायगर आणि हेसे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बेलाडोना या वनस्पतीतून ॲट्रोपिन वेगळे केले. बेलाडोना आणि धोतरा एकाच कुळातील. वांगी, बटाटेही त्याच कुळातले. धोतऱ्यातील हायोसायमिन, ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे मज्जातंतूंचा एक ठरावीक निरोप अडवतात. तोंड सुकते ते त्यामुळेच, आणि बाहुली मोठी होते तीही त्यामुळेच. नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा आतला भाग तपासताना हाच गुण वापरतात. मंदावलेले हृदय सावरण्यास ॲट्रोपिन देतात. कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचा जीव वाचवण्यासाठी रुग्णालयात त्याचीच सुई टोचतात. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची रीत तर १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोहोचली होती. ज्या बियांनी मुसाफिर मरत, त्यांतील द्रव्य शरीरात ओळखण्याची सोय स्लीमनच्या न्यायालयांपाशी नव्हती. त्याची सारी भिस्त माणसांच्या जबानीवर होती.

१८३५ मध्ये तो ठगी खात्याचा प्रमुख अधीक्षक झाला. शिक्षा झालेल्या ठगांसाठी व त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली; तेथे तंबू आणि गालिचे होऊ लागले. पुढे ग्वाल्हेर आणि लखनौ येथे तो रेसिडेंट होता. प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतत असताना १० फेब्रुवारी १८५६ रोजी सिलोनजवळ जहाजावर त्याचे निधन झाले. जबलपूरहून कटनीकडे जाताना लागणारे स्लीमनाबाद त्याच्याच नावाचे आहे.