सरफोजीराजांचा मनोरा

तिरुवैयारुला येणाऱ्या आप्तांना मी त्यागराजांच्या समाधीचे दर्शन घडवतो, आणि सवड असली तर मल्लिपट्टिणमजवळच्या समुद्रकाठी मनोराही दाखवतो. तुळजाराजांचे दत्तकपुत्र सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) यांनी तो आठमजली मनोरा १८१४ मध्ये उभारला. निमित्त, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेला विजय! मला ते खुपते. याच इंग्रजांनी १७९९ मध्ये राज्य घेऊन राजांना तंजावरच्या किल्ल्यापुरते ठेवले होते. पुढे मात्र मनोरा दीपगृह म्हणून दर्यावर्द्यांच्या कामी आला. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांत वाटसरूंना फुकट अन्न, आजाऱ्यांना औषध मिळे. ती छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहिले. राज्य गेल्यावर मागायचे ते हे! तमिळ मुलखात त्या इमारतीचे नाव आजही मराठीच आहे, मनोरा.